शिपाई मोहिमेवर, चूल कुणाच्या भरवशावर?

७ डिसेंबर जवळ आला की शाळांत आणि सरकारी कचेऱ्यांत छोटे कागदी झेंडे येतात. वर तांबडा पट्टा, मध्ये गडद निळा, खाली फिकट निळा : भूदल, नौदल, वायुदल. मुले घरून दहा-वीस रुपये आणतात, झेंडा खिशाला टाचून घेतात आणि दिवस संपतो. १९४९ पासून हा सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. निधी गोळा करण्याची जबाबदारी जिल्ह्यावर असते आणि जिल्हाधिकारी त्यात स्वतः लक्ष घालतात.

एखादा चौकस विद्यार्थी विचारतो : सैनिकाला सरकार पगार देते, निवृत्त झाल्यावर पेन्शन देते, वीरमरण आले तर घरच्यांना लाखो रुपये देते. मग आमच्या खाऊच्या पैशांतून हा डबा कशाला भरायचा?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायला निघालो की साडेतीनशे वर्षे मागे जावे लागते आणि वाटेत पानिपत लागते, इंग्लंडमधली खेडी लागतात, ठाण्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयही लागते. एक गोष्ट मात्र सगळीकडे तीच दिसते. सैनिकाच्या घराला आधार द्यावा, हे जवळपास प्रत्येक राज्यकर्त्याला पटलेले असते. गाडी अडते ती पुराव्यापाशी. हा माणूस खरेच लढताना गेला का? ही बाई खरेच त्याची बायको का? हे कोण सांगणार, आणि सांगितलेले कोण मानणार?

पेन्शन सगळ्यांना नसते

आधी त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे थेट उत्तर. फौजेत गेलेल्या प्रत्येकाला पेन्शन मिळते, ही समजूत चुकीची आहे. जवानाला निवृत्तिवेतनासाठी साधारणपणे १५ वर्षांची सेवा लागते. घरच्या अडचणीमुळे सहा-सात वर्षांत नोकरी सोडून आलेला जवान माजी सैनिक ठरतो, पण पेन्शनर ठरत नाही. दुसऱ्या महायुद्धात तर गावोगावची मुले भरती झाली आणि युद्ध संपताच घरी पाठवली गेली. त्यांतल्या बहुतेकांना निघताना थोडी रक्कम हाती पडली आणि हिशेब मिटला.

असा माणूस म्हातारा झाला किंवा मागे त्याची विधवा राहिली, तर नियमाप्रमाणे त्या घराला दरमहा काहीच मिळत नाही. इथे ध्वजदिनाचा पैसा कामाला येतो. केंद्रीय सैनिक बोर्ड या निधीतून हवालदार हुद्द्यापर्यंतच्या, पेन्शन नसलेल्या आणि उत्पन्नाचे साधन नसलेल्या ६५ वर्षांवरील माजी सैनिकांना व त्यांच्या विधवांना मासिक अनुदान देते. पूर्वी ते महिना ४,००० रुपये होते, १ नोव्हेंबर २०२५ पासून ८,००० झाले. मुलांच्या शिक्षणाला आणि मुलीच्या लग्नाला मदतही याच निधीतून होते.

म्हणजे व्यवस्था दोन थरांची आहे. एक थर हक्काचा : नियमात बसले की मिळणारच. दुसरा मदतीचा : नियमांच्या फटीतून खाली पडलेल्यांसाठी, अर्ज करून मागायचा. भिवंडीत यंत्रमाग पाहिलेल्याला हे चटकन कळेल. ताण्याचे हजारो धागे नीट ताणलेले असतात, पण त्यांतला एक तुटला तरी चालत्या मागाला कापडातला दोष दिसत नाही. तो धागा शोधून गाठ मारायला माणसाचाच हात लागतो. पेन्शनचे नियम म्हणजे तो ताणा. तुटलेला धागा सांधण्याचे काम ध्वजदिन निधी आणि जिल्ह्याचे सैनिक कार्यालय करतात.

अर्धे वेतन आणि बालपरवेशी

शिवाजी महाराजांच्या फौजेत मोहिमेवर बायका नेण्याला सक्त मनाई होती. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीत लिहिलेल्या बखरीत हा नियम आणि तो मोडणाऱ्याची कठोर शिक्षाही आली आहे. पावसाळा छावणीत काढायचा, दसरा झाला की मुलूखगिरीला निघायचे, उन्हाळा सरता परत यायचे. वर्षातले आठ महिने शिपाई बाहेर आणि घर, शेत, गुरे, म्हातारी माणसे बाईच्या हवाली. ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि इथल्या खाडीत आरमाराची गलबते बांधायला सुरुवात झाली, तेव्हा या पट्ट्यातल्या कोळी-भंडारी घरांवरही हीच पाळी आली असणार.

शिपाई परत आलाच नाही तर? १६५९ मध्ये प्रतापगडाखाली अफझलखानाची फौज मोडल्यानंतर काय केले, ते सभासदाने नोंदवले आहे. पडलेल्यांच्या मुलांचे चालवले. ज्याला मुलगा नव्हता, त्याच्या बायकोला अर्धे वेतन बांधून दिले. जखमींना जखम पाहून २५ पासून २०० होनांपर्यंत रक्कम दिली. शूरांना हत्ती, घोडे, कडी, गावे दिली, ती वेगळी.

या थोडक्या नोंदीत पुष्कळ काही आहे. पहिली गोष्ट, मुलगा असेल तर आधार त्याच्या नावाने. म्हणजे घराचा वारसा आणि फौजेची पुढची भरती एकाच वेळी सांभाळली जाते. मुलगा मोठा होऊन बापाच्या जागी तलवार धरेल, हे त्यात गृहीत आहे. दुसरी, मुलगा नसलेल्या विधवेला वाऱ्यावर सोडलेले नाही. तिला मिळते ते एकदाचे बक्षीस नाही, चालू राहणारे वेतन आहे. आणि तिसरी, मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे हे सगळे लढाईच्या पाठोपाठ झाले. कोण कुठे पडला हे सांगणारे सोबती तिथेच हजर होते. कोणत्या गावचा, कोणाचा मुलगा, घरी कोण आहे, हे त्यांना तोंडपाठ होते. पुरावा ताजा होता, म्हणून निवाडा सोपा झाला.

सरदारांच्या घरांबाबत हे नाते रक्तापर्यंत पोहोचले. सेनापती प्रतापराव गुजर १६७४ मध्ये नेसरीला पडले. पुढे त्यांची मुलगी जानकीबाई महाराजांनी राजारामांसाठी सून म्हणून घरात आणली.

पेशवाईत या प्रथेला ठसठशीत नाव मिळाले : बालपरवेशी. लढाईत कामी आलेल्याच्या मुलाबाळांच्या पालनपोषणासाठी सरकारातून रोख नेमणूक किंवा जमिनीचे उत्पन्न लावून द्यायचे. पेशवे दप्तरातल्या नोंदींत अशा नेमणुका मोठ्या सरदारांच्या घरांना दिसतात, साध्या शिपायांच्या घरांनाही दिसतात, हिंदूंच्या तशा मुसलमानांच्याही. त्या काळात फौजेचे पगार महिनोन्महिने थकत असत. तरीही पडलेल्यांच्या घरांसाठी दप्तरात वेगळी बाब ठेवली जात होती, ही मोठी गोष्ट आहे.

भिवंडीकरांना या काळाची एक खूण रोज दिसते. १७३७ ते १७३९ ची वसईची मोहीम याच मुलखातून लढली गेली. भिवंडी तालुक्यातल्या अंजूरच्या गंगाजी नाईकांनी तिच्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली होती. वसई पडल्यावर चिमाजी अप्पांनी नवस फेडून बांधवलेले वज्रेश्वरीचे तटबंदीचे देऊळ आजही उभे आहे. पायऱ्या चढताना विजयाची गोष्ट सांगितली जाते. त्या विजयासाठी खंदकात आणि सुरुंगांत गेलेल्या शिपायांच्या घरांची गोष्टही तिथे सांगायला हवी.

इंग्लंडात अर्ज, शिक्का आणि साक्षीदार

शिवकाळाच्याच आगेमागे इंग्लंडने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवायचा प्रयत्न केला. तिथे दोन वाटा होत्या. पहिली, १५९३ च्या कायद्याने आखलेली. लढाईत जायबंदी झालेल्या शिपायाला त्याच्या जिल्ह्याने वार्षिक पेन्शन द्यायची, त्यासाठी गावागावावर छोटी पट्टी बसवायची आणि जिल्ह्याच्या खजिनदाराकडे ती जमा करायची. साध्या शिपायासाठी वर्षाला १० पौंडांची मर्यादा होती. या कायद्यात विधवेचे नावच नव्हते. दुसरी वाट १६०१ च्या गरीब-कायद्याची. प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने, आपल्या गरिबांना पोसायचे. शिपायाची बायको उपाशी असेल तर तिने तिथे हात पसरायचा. तिथे तिची ओळख शिपायाची बायको अशी नसे. गावातली एक गरीब बाई, एवढीच ती असे.

१६४२ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली, तेव्हा चित्र पालटले. माणसे लढायला हवी असतील तर त्यांच्या मागे घराचे काय, याचे उत्तर देणे भाग होते. पार्लमेंटने विधवा आणि अनाथांना आधार देण्याचे वचन दिले आणि १६४७ च्या हुकुमाने न्यायाधीशांना तसा अधिकार दिला. मग विधवांचे अर्ज येऊ लागले. नवरा कोणत्या कप्तानाखाली होता, कुठे पडला, घरी किती लेकरे आहेत, हे सगळे लेखनिकाकडून लिहून घ्यायचे आणि खाली बहुतेकींनी सहीऐवजी खूण करायची. सोबत कप्तानाचा दाखला किंवा गावच्या प्रतिष्ठितांची साक्ष. कप्तानही मेला असेल तर दाखला आणायचा कोठून? कैकजणींचा अर्ज इथेच अडे. मिळाले तरी अनेकींना एकदाचीच रक्कम मिळे आणि ती संपली की पुन्हा अर्ज करावा लागे.

१६६० मध्ये राजा परत आला. पार्लमेंटच्या बाजूने मेलेल्यांच्या विधवांची पेन्शन बंद झाली आणि १६६२ च्या नव्या कायद्याने राजाच्या बाजूने लढलेल्यांची पाळी आली. बाईचे दुःख तेच, लेकरे तीच. नवरा कोणत्या झेंड्याखाली मेला, यावर तिची भाकरी ठरली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कायद्याने पॅरिशची मदत मूळ रहिवासाशी बांधली आणि बायकोचा रहिवास नवऱ्याच्या गावाचा धरला. दूरच्या शिपायाशी लग्न केलेल्या मुलीला, जन्मात न पाहिलेल्या सासरच्या गावी धाडून देण्याची सोय त्यातून झाली.

आपल्याकडची नेमणूक राजाच्या किंवा पेशव्याच्या शब्दावर अवलंबून होती. त्यांची मदत कायद्यात होती, पण गावाच्या खिशातून येत होती आणि गाव हात आखडता घेत होते. केंद्राचा कायदा, केंद्राचा पैसा आणि जिल्ह्यात ओळखणारा माणूस, हे तिन्ही एकत्र यायला विसावे शतक उजाडावे लागले.

गेला म्हणावे की हरवला?

सगळ्यांत कठीण अवस्था विधवेची नव्हे. नवरा मेल्याची खबर नाही, जिवंत असल्याचीही नाही, अशा बाईची अवस्था त्याहून कठीण असते.

१४ जानेवारी १७६१. पानिपतावर एका दिवसात महाराष्ट्रातल्या हजारो घरांत हा प्रश्न उभा राहिला. शिवकाळातला नियम केव्हाच मागे पडला होता. या फौजेबरोबर बायका, मुले, यात्रेकरू मोठ्या संख्येने गेले होते. कोण पडले, कोण पकडले गेले, कोण पळून वाचले, याची खात्रीलायक यादी कुणाकडेच नव्हती. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई रणांगणातून परत आल्या, पण पती गेले हे त्यांनी मानले नाही. १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या सवाष्णीसारख्या राहिल्या. याच धूसरपणाचा फायदा घेऊन भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला. कैदेतून सुटून १७७६ मध्ये त्याने कोकणातले किल्ले घेतले, फौज जमवली आणि पकडला जाऊन देहदंडाला पोहोचेपर्यंत राज्य हलवून सोडले. पुराव्याअभावी एका बाईचे आयुष्य टांगणीला लागले आणि एका राज्याचेही.

हे इतिहासजमा झालेले नाही. ५ डिसेंबर १९७१ रोजी फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे विमान पाकिस्तानात पडले. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झाले होते. पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. पती पाकिस्तानच्या तुरुंगात जिवंत असावेत, या विश्वासावर त्यांनी पुढची कित्येक दशके सरकारदरबारी दाद मागितली. पाकिस्तानच्या कैदेत असावेत असे मानल्या गेलेल्या ५४ बेपत्ता भारतीय सैनिकांच्या यादीत तांबे यांचे नाव आहे.

कायद्याने यावर एक व्यावहारिक तोड काढली आहे. ज्यांना खबर लागायला हवी, अशांना सात वर्षे एखाद्याची खबर लागली नाही, तर तो मृत असल्याचे गृहीत धरता येते. पूर्वीच्या पुरावा कायद्यात हे कलम होते, २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. पण सात वर्षे चूल कशी पेटती ठेवायची? म्हणून पेन्शनच्या नियमांत वेगळी सोय आहे. पोलिसांत तक्रार नोंदवून ठरावीक महिने उलटले आणि तपासात माणूस सापडला नाही, तर हमीपत्र घेऊन कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करता येते.

मनिऑर्डर, भाऊबंदकी आणि सोल्जर बोर्ड

जिवंत शिपायाच्या घराचे काय? टपाल खात्याची मनिऑर्डर १८८० मध्ये सुरू झाली आणि कोकण-साताऱ्याकडच्या घरांचे दिवस पालटले. कोकण मनिऑर्डरवर जगते असे म्हणत, त्यात मुंबईच्या गिरण्यांइतकाच पलटणींचाही वाटा होता. पोस्टमन पैसे देई आणि बरोबरचा मजकूर वाचूनही दाखवी.

पहिल्या महायुद्धात शिपाई फ्रान्स आणि मेसोपोटेमियात गेले तेव्हा ही साखळी ताणली गेली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून गेलेल्यांपैकी ४६ जण परत आले नाहीत. पुढे ते गाव अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखले जाऊ लागले. त्यांच्या घरांना पेन्शनचे कागद, इनामाचे कागद, मृत्यूच्या नोंदी हे सगळे हाताळून देणारे कोणी तरी हवे होते. त्यातून १९१९ मध्ये इंडियन सोल्जर्स बोर्ड आणि जिल्ह्याजिल्ह्यांत त्याच्या शाखा उभ्या राहिल्या. आजचे केंद्रीय सैनिक बोर्ड आणि महाराष्ट्रातला, पुण्यात मुख्यालय असलेला सैनिक कल्याण विभाग हे त्याच वंशातले. जुनी माणसे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला अजून ‘सोल्जर बोर्ड’च म्हणतात.

तेव्हाच्या तक्रारींत पैशाइतक्याच जमिनीच्याही होत्या. शिपाई परदेशी, बायको एकटी, आणि भाऊबंदाने दिवाणी दावा लावून एकतर्फी निकाल मिळवला, असे घडे. त्याला आळा घालायला १९२५ मध्ये सैनिकांच्या दाव्यांसाठी खास कायदा झाला. सेवेवर असलेला सैनिक हजर राहू शकत नसेल तर न्यायालयाला दावा थांबवून ठेवता येतो. हा कायदा आजही लागू आहे. बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याशी भांडताना किती सैनिकपत्नींना हे ठाऊक असते?

आणि नवराच घरी पैसे पाठवत नसेल तर? १९५० च्या लष्कर कायद्यानुसार अशा जवानाच्या पगारातून कपात करून रक्कम पत्नी-मुलांना देता येते. पत्नीने त्याच्या युनिटकडे किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज करायचा असतो.

एकच मृत्यू, तीन हिशेब

आता आजच्या नियमाकडे येऊ. सेवेत असताना जवान गेला, तर मागे किती पेन्शन मिळणार हे तो कसा गेला यावर ठरते. शेवटचे पेन्शनपात्र वेतन ४०,००० रुपये धरू.

मृत्यूचा सेवेशी संबंध नसेल, उदाहरणार्थ सुटीत घरी असताना विहिरीत पडून, तर साधे कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. पहिली १० वर्षे वाढीव दराने निम्मे, म्हणजे २०,००० आणि नंतर ३० टक्के, म्हणजे १२,०००. मृत्यू सेवेमुळे झाला असेल, जसे कर्तव्यावर असताना अपघातात, तर विशेष कुटुंब निवृत्तिवेतन : ६० टक्के, २४,०००. शत्रूशी किंवा दहशतवाद्यांशी लढताना झाला असेल तर उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन : पूर्ण ४०,०००. प्रत्येकावर महागाई भत्ता वेगळा.

१२ आणि ४० हजारांत केवढे अंतर आहे! म्हणून चौकशीच्या कागदावर लिहिलेल्या एका ओळीला विलक्षण वजन येते. युनिटवरून सुटीवर घरी येतानाचा प्रवास सामान्यतः कर्तव्याचा भाग धरला जातो. घरी पोहोचल्यावरचा खासगी अपघात धरला जात नाही. सीमेवर उंचावर छातीत दुखून गेलेला जवान कोणत्या खान्यात घालायचा, यावरून वाद होतात. असा वाद सशस्त्र दल न्यायाधिकरणापुढे नेता येतो आणि त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. भिवंडीच्या कुटुंबाला त्यासाठी दिल्ली गाठावी लागत नाही. आलेला निर्णय अन्यायाचा वाटला तर गप्प बसू नये, एवढे मी आग्रहाने सांगेन.

*चौकट : नावाचा घोळ कुठे होतो?*
*जवानाने लग्न केले की त्याची नोंद युनिटमध्ये ‘पार्ट टू ऑर्डर’ म्हणून छापली जाते आणि रेकॉर्ड ऑफिसला जाते. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानाचे कागद बेळगावला असतात. पत्नीचा आणि मुलांचा हक्क या नोंदीवर उभा असतो. नोंद झालीच नसेल, किंवा नोंदीत सासरचे नवे नाव आणि आधार कार्डावर माहेरचे नाव असेल, तर पेन्शन अडते. जन्मतारीख, नावाचे शुद्धलेखन आणि बँक खात्यावरचे नाव, तिन्ही जुळायला हवीत. निवृत्त जवानाच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, पत्नीचे नाव आहे का हेही पाहावे. फरक असेल तर प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातील नोंद करून तो जवान हयात असतानाच दुरुस्त करून घ्यावा.*

लग्नानंतर मुलीचे नाव बदलण्याची आपली रीत इथे फार महाग पडते. माहेरची सुनंदा सासरी येऊन वैशाली झाली. नवऱ्याने युनिटमध्ये वैशाली लिहिले. शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि बँकेत ती सुनंदाच राहिली. नवरा असेपर्यंत कुणाचे काही अडले नाही. तो गेल्यावर कागदोपत्री या दोन बाया झाल्या आणि आपण एकच आहोत, हे सिद्ध करायला तिला तलाठी, ग्रामसेवक, तहसील, ठाणे असे फेरे घालावे लागतात. सतराव्या शतकातल्या इंग्रज विधवेला कप्तानाचा दाखला मिळत नव्हता, तसेच हे.

दिराशीच लग्न?

शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या पश्चात पदकाचा मासिक भत्ता पत्नीला मिळतो. तिने पुनर्विवाह केला तर तो बंद होई. १९९५ मध्ये सवलत आली, पण तिला अट जोडलेली होती : लग्न मृत पतीच्या भावाशी केले तरच भत्ता चालू राहील. घरातला पैसा घरात राहावा, हा विचार त्यामागे असेल. पण त्यात बाईच्या मनाला जागा कुठे होती? पंचविशीतल्या मुलीपुढे भत्ता हवा तर दीर, नाहीतर काहीच नाही, असा पर्याय ठेवणे अन्यायाचेच होते. ही अट नोव्हेंबर २०१७ मध्ये काढून टाकली गेली. आता ती कुणाशीही लग्न करो, भत्ता तिचाच. उशिरा झाले, पण योग्य झाले.

आई-वडिलांचा प्रश्नही तितकाच खरा आहे. म्हाताऱ्या आई-बापांचा आधार गेलेला असतो आणि पेन्शन सुनेच्या नावे होते. नियमांत काही प्रकारच्या पेन्शनची विभागणी करता येते. घरात धुसफुस सुरू होण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याकडे दोन्ही बाजूंनी एकत्र बसून बोलणे, हा माझ्या मते उत्तम मार्ग.

काही जणींनी वेगळी वाट धरली. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडले. पत्नी स्वाती महाडिक २०१७ मध्ये लष्करात अधिकारी झाल्या. आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे ऑगस्ट २०१८ मध्ये गुरेझमध्ये कामी आले. पत्नी कनिका राणे यांनी २०२१ मध्ये गणवेश चढवला. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. मात्र प्रत्येक वीरपत्नीकडून असेच धैर्य अपेक्षिणे बरे नाही. शेत सांभाळून दोन मुले वाढवणारीला तिची पेन्शन वेळेवर मिळाली पाहिजे, ही अपेक्षा आधी.

एकरकमी की दरमहा?

२०२२ पासून जवानांची भरती अग्निवीर म्हणून होते. चार वर्षांची सेवा, पुढे साधारण चौघांपैकी एकाला कायम नोकरी. चार वर्षांत पेन्शनचा प्रश्नच येत नाही आणि सेवेत मृत्यू आला तर कुटुंब निवृत्तिवेतनही नाही. त्याऐवजी ४८ लाखांचा विमा, सेवेमुळे मृत्यू झाल्यास ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान, उरलेल्या काळाचा पगार आणि सेवानिधी अशी मोठी रक्कम एकदम मिळते. बुलढाणा जिल्ह्यातला अक्षय गवते ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचिनवर कर्तव्यावर असताना गेला, तेव्हा हा फरक महाराष्ट्राला पहिल्यांदा जाणवला.

रक्कम मोठी आहे, हे नाकारता येत नाही. पण हातात आलेला पैसा गावात लपत नाही. कर्ज मागणारे नातलग येतात, जमीन विकणारे येतात, जास्त व्याजाचे आमिष दाखवणारे येतात. दर महिन्याला येणाऱ्या पेन्शनला हे धोके नसतात, ती महागाईबरोबर वाढते आणि बाई जगेल तोवर पुरते. सभासदाने नोंदवलेले ते अर्धे वेतन म्हणूनच मला शहाणपणाचे वाटते. अग्निवीरांच्या कुटुंबांनाही मासिक निवृत्तिवेतन मिळायला हवे. एकाच खंदकात, एकाच गोळीने गेलेल्या दोन जवानांच्या आयांना दोन वेगळे न्याय असू नयेत.

आता एवढे करा

तुमच्या घरात, चाळीत किंवा पाड्यावर कुणी फौजेत असेल, तर या सुटीत त्याला दोन गोष्टी विचारा : लग्नाची पार्ट टू ऑर्डर छापून आली का, आणि बायकोचे नाव तिच्या आधारप्रमाणेच लिहिले आहे का? निवृत्त असेल तर पीपीओवर पत्नीचे नाव आहे ना, हे पाहा. शेजारी एखादी वृद्ध सैनिकविधवा असेल आणि तिला काहीच मिळत नसेल, तर नवऱ्याचे डिस्चार्ज बुक शोधून ठेवा, ते नसेल तर निदान त्याचा सैनिक क्रमांक आणि पलटणीचे नाव कागदावर उतरवून घ्या. मग तिला घेऊन अंजूरफाटा, कशेळीमार्गे ठाण्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा. तिथल्या कल्याण संघटकाचे कामच हे आहे. या मदतीसाठी एजंटाला एक रुपयाही द्यावा लागत नाही.